पंधरावरचा काटा

घर घेताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं की या घराला रोज पाणी पाजावं लागेल.

पार्सिपनीतलं आमचं घर जुनं आहे. नव्या घरांमध्ये गरम हवा फेकणारी फर्नेस असते, आमच्या तळघरात बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, ते पाणी तांब्याच्या पाइपांतून घरभर फिरतं, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरना ऊब देऊन परत खाली येतं आणि पुन्हा तापतं. तेच ते पाणी, सगळा हिवाळा. बॉयलरच्या अंगावर एक गोल डायल आहे आणि त्यावर एक काटा. बॉयलर गार असताना काटा पंधराच्या आसपास हवा. तापल्यावर विसापर्यंत चढला तर चालतं. तिसाच्या वर गेला तर एक व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जमिनीवर पाणी ओकतो. दहाच्या खाली उतरला, की पाण्याला वरच्या मजल्यापर्यंत चढायची ताकद राहत नाही, रेडिएटर गार पडतात, पाइपांत हवा शिरते आणि भिंतींतून गुडगुड ऐकू येते. नोकरीत सतरा ट्रेनिंगं केली, त्यातलं काही डोक्यात राहिलं नाही. हे मात्र पाठ झालं.

त्या हिवाळ्यात काटा उतरायला लागला. मी ऑफिसातून यायचे, कोट न काढताच तळघरात जायचे, आणि काटा कधी सहावर, कधी चारावर, कधी नुसता तळाला टेकलेला. मग निळ्या दांड्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, पाण्याची सूं ऐकत उभं राहायचं, काटा पंधरावर आला की बंद करायचा. तिथून वर जाऊन एका छोट्या किल्लीने प्रत्येक रेडिएटरमधली हवा सोडायची. आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखं काळं पाणी, मग धार. धार आली की किल्ली फिरवायची आणि पुढच्या खोलीत जायचं. हे सगळं झाल्यावर स्वयंपाक. पूर्वी या बॉयलरमध्ये पाणी आपोआप भरलं जायचं. पण प्लंबरने तो रस्ताच बंद करून टाकला होता. "आपोआप भरत राहिलं तर गळती कुठे आहे ते कधीच कळणार नाही," तो म्हणाला होता. "सापडेपर्यंत हाताने भरा." ते बरोबरच होतं, फक्त हात माझे होते.

नवरा प्रोजेक्टसाठी आठवडाभर टेक्ससला असायचा आणि शुक्रवारी उतरलेल्या चेहऱ्याने घरी यायचा. मुलगी कॉलेजात. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट कॉल समबडी एल्स, यार." राहता राहिलो आम्ही दोघी, मी आणि माझी आई.

बाबा गेल्यावर आई काही वर्षं नागपूरला दादाकडे होती, मग माझ्याकडे राहायला आली. तिची खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. काटा उतरला की सगळ्यात आधी तीच खोली गार पडायची. मी घरी आले की ती पलंगावर स्वेटर, त्यावर शाल, त्यावर कानटोपी अशी बसलेली असायची.

"थंडी वाजते तर फोन काहून नाही केला?"

"नाही वाजत बाप्पा. अशीच बसली." असं म्हणत बोटं काखेत खुपसलेली.

आईचं विसरणं तोवर सुरू झालं होतं. उन्हाळ्यात तिने चहाचं भांडं काळं होईपर्यंत जाळलं, तेव्हापासून ऑफिसला जाताना मी शेगडीचे नॉब काढून पर्समध्ये टाकायला लागले. मीटिंगमध्ये पेन काढायला जावं तर हाताला नॉब लागायचे. रविवारी आम्ही विहारात जायचो. तिथे वंदना तिला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तोंडपाठ, आणि बाहेर आल्यावर आपली चप्पल कोणती ते सांगता यायचं नाही. दादा व्हिडिओ कॉलवर दर वेळी तेच म्हणायचा, "तिला इकडे पाठवून दे. इथं माणसं आहेत. तिथं दिवसभर एकटी भिंतींकडे पाहत बसते." मी म्हणायचे, ती ठीक आहे. म्हणायलाच हवं होतं. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात हजर राहायचं असा नवा नियम आला होता. नवऱ्याचं काम कॉन्ट्रॅक्टवरचं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स माझ्या नोकरीवर. आईला एकटं ठेवता येत नाही असं एकदा ठरलं, की एक तर नोकरी जाणार, नाही तर आई. म्हणून ती ठीक होती.

आणि म्हणून मला गळती हवी होती. हे ऐकायला विचित्र वाटेल. लोक गळती नसावी म्हणून जीव टाकतात, मी ती सापडावी म्हणून टॉर्च घेऊन पाइपांखाली वाकून फिरत होते. कुठे ओलं लागतंय का, हिरवट डाग दिसतोय का, हात फिरवून पाहत होते. कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार काटा उतरायचा. ज्या दिवशी मी घरून काम करायचे, त्या दिवशी तो जागचा हलायचा नाही. आकडे पाहून अंदाज बांधणं हा माझा धंदा आहे, त्यावरच आमचं पोट चालतं. पण या बाबतीत अंदाज बांधायला मी साफ नकार दिला. मी स्वतःला सांगितलं की मी घरी असते तेव्हा थर्मोस्टॅट वेगळा असतो, बॉयलर वेगळा चालतो, लोखंड आकुंचन पावतं. काय वाटेल ते सांगितलं.

प्लंबर पहिल्यांदा आला तेव्हा त्याने एक लाल टाकी बदलली. पाणी तापल्यावर फुगतं, त्याला जागा देणारी ती टाकी. काही फरक पडला नाही. मग मी त्याला पुन्हा बोलावलं. जाडजूड माणूस, गुडघे दुखत असल्याने जिन्याच्या प्रत्येक पायरीवर देवाचं नाव घेणारा. त्याने सगळे व्हॉल्व्ह बंद केले, काट्याकडे बघत उभा राहिला, फोनवर बायकोशी भांडला, पुन्हा काट्याकडे पाहिलं. काटा पंधरावर जसाच्या तसा.

"मॅम, युअर सिस्टिम इज टाइट," तो म्हणाला. "कुठेही गळत नाही."

मी म्हटलं की नीट पाहा, रोज खाली येतं. माझा आवाज चढला होता. त्याने खांदे उडवले आणि हत्यारं गोळा करायला लागला. जाता जाता पाइपांकडे बघून हसला.

"हू पॉलिशेस युअर पाइप्स?"

तेव्हा मी पाहिलं. खरं म्हणजे रोज पाहत होते, पण माझे डोळे काट्यावर असायचे. बॉयलरमधून निघालेले तांब्याचे पाइप वर छताशी काळपट तपकिरी होते, जसे असतात तसे. पण कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीचे, म्हणजे बुटक्या बाईचा हात पोचेल तेवढे पाइप लखलखत होते. अगदी तळाला, बॉयलर रिकामा करायचा असेल तर उघडायचा एक पितळी कॉक असतो, तोसुद्धा सोन्यासारखा चमकत होता. शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक वाटी, तिच्यात वाळून कडक झालेला चिंचेचा कोळ, आणि एक घासणी.

"माय मदर," मी म्हटलं.

"माझ्या घरी पाठवा त्यांना," तो म्हणाला आणि देवाचं नाव घेत जिना चढला.

मी तिथेच खालच्या पायरीवर बसले. चिंच लावून तांबं घासणारं दुसरं कोण असणार? आमच्याकडे नागपूरला तांब्याचा बंब होता. बाबांना गिरणीत बोनस मिळाला तेव्हा त्यांनी तो आणला होता, आणि वस्तीत तो पहिलाच, म्हणून बायका बघायला आल्या होत्या. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. आई दर रविवारी तो चिंच आणि राखेने घासायची. बाबा पाळी संपवून यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत कापसाच्या तुसाने भरलेले. ते कोणाला हात लावायचे नाहीत, कशाला टेकायचे नाहीत, थेट न्हाणीत जायचे. त्यांची बादली आधीच भरून ठेवलेली असायची. अंघोळ झाली की चहा, आणि मग आम्हाला जवळ घ्यायचे. आमच्या घरात दिवस त्या बादलीपासून सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून दुपारीच निघाले. समोरच्या दाराने बूट हातात घेऊन घरात शिरले. माझ्याच घरात चोरासारखी. आई वरून उतरत होती. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात कपडे धुवायच्या खोलीतली बादली. तळघराच्या उभ्या जिन्यावरून ती एकेक पायरी उतरली, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत. मी मागोमाग गेले. हाक मारायचं धाडस झालं नाही, दचकून पडली असती. तिने बादली कॉकखाली सरकवली, पदर खोचला आणि कॉक उघडला. आधी काळं पाणी आलं, मग जरा निवळ, आणि वाफ. हातावर उडालं असतं तर कातडी निघाली असती. तिने हात बरोबर बाजूला ठेवला होता. अर्धी बादली झाली तशी कॉक बंद केला, दोन्ही हातांनी बादली उचलली आणि तळघरातल्या बाथरूममध्ये नेऊन ठेवली. त्यावर प्लॅस्टिकचा मग उपडा ठेवला. खुंटीवर माझ्या नवऱ्याचा टॉवेल टाकला. मग येऊन पायरीवर बसली, आणि मी तिला दिसले.

"आई, काय करून राहिली तू?"

"हळू बोल," ती म्हणाली. "पहिली पाळी सुटली असंन. येतीलच आता."

मी बॉयलरकडे वळून पाहिलं. तिला वाटलं मी बंबाकडे पाहतेय.

"चांगला आहे हा बंब. लाकडं नाही लागत, काही नाही. पण याला वरून ओतायला तोंडच नाही पहा. आपण पाणी काढलं तर तेवढं वरून ओतलं पाहिजे नं? पण हा रोज भरलेलाच राहते."

तो रोज भरलेला राहत होता कारण रोज संध्याकाळी मी तो भरत होते. ती काढत होती, मी भरत होते. आणि बाबा आले नाहीत की पाणी निवून जायचं. मग ती ते ओतून टाकायची, बादली जागेवर ठेवायची आणि वर जाऊन गार खोलीत शाल पांघरून बसायची. कोणालाही काही पत्ता नाही.

मी घरी असताना ती असं का करत नव्हती, हेही मग कळलं. मी घरून काम करायचे त्या दिवशी चार वाजता आम्ही दोघी चहा प्यायला बसायचो. घर रिकामं झालं की तिला नागपूरचं ते घर आठवायचं.

मी तिला सांगितलं. "आई, बाबा गेले. केव्हाचेच." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी?" मग ती अशी रडली की जणू आत्ताच कोणी निरोप घेऊन आलं होतं. मी तिला धरून बसले आणि ठरवलं की हे वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही. सकाळी ती रडणं विसरली होती. पाणी काढायचं विसरली नव्हती.

प्लंबरने येऊन कॉकचा दांडा काढून टाकला आणि तोंडाला टोपण बसवलं. आपोआप पाणी भरायचा रस्ताही उघडून दिला, आता गळतीचा प्रश्नच नव्हता. मी ऑफिसातून रजा घेतली. थोड्याच दिवसांची होती. ज्येष्ठांच्या डे केअरची गाडी दारात येते, तिथे दिवसभर सोबत असते, जेवण असतं, असं तिला समजावून सांगितलं. "मी गेली तर त्यांना पाणी कोण काढून देईल?" ती म्हणाली, आणि विषय संपला. आता मी घरात असले, चहा पुढे ठेवला, तरी चार वाजता ती खाली जायची, दांडा शोधायची, सापडला नाही की कासावीस व्हायची, तळघरभर फिरायची. शेवटी मीच बाथरूमच्या नळाखाली बादली लावायला लागले. ती येऊन बोट बुडवायची. "कढत नाही झालं." मग आणखी गरम घालायचं.

खरं सांगायचं तर मला रागच यायचा. गेलेल्या माणसासाठी रोज पाणी, आणि जिवंत मुलगी महिनाभर कोट घालून किल्ली घेऊन खोलीखोलीतली हवा काढत फिरली तिचं काही नाही. असं मनात यायचं आणि मी ते मनात येऊ द्यायचे. थकलेल्या माणसाला चांगलं वागायला सांगणारे लोक स्वतः रात्रभर झोपलेले असतात. दादाने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आता तरी पाठव. रविवारपर्यंत सांग, तिकीट काढतो." मी म्हटलं सांगते. मनातून माझं ठरलंच होतं. मी तिच्या बॅगेत काय काय भरायचं ते ठरवत होते, आणि विमानात तिच्यासोबत कोण जाईल याची विचारपूस विहारातल्या एका मावशींकडे करून ठेवली होती.

शनिवारी चारला बादली भरली. नवरा त्या आठवड्यात टेक्ससलाच अडकला होता. आई पायरीवर बसली, मी तिच्याशेजारी टेकले. वर जाऊन भाजी चिरायला हवी होती, पण उठायचंच जिवावर आलं होतं. बॉयलर सुरू झाला, बंद झाला. काटा पंधरावर होता आणि मी त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. बराच वेळ गेला. आईने उठून बादलीत हात घातला.

"आज काही ते येत नाही वाटते," ती म्हणाली. "डबल ड्यूटी लागली असंन."

मी हूं म्हटलं.

"पाणी निवून राहिलं. वाया कशाला घालवायचं?" मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे नीट बघायला लागली, पोरांना ताप आहे का बघतात तशी. "तूच करून घे आंघोळ. किती थकली वं तू."

मी नको म्हटलं. म्हटलं सकाळीच केली, म्हटलं स्वयंपाक राहिलाय. ती ऐकेना. तिने मला हाताला धरून आत नेलं, आणि मी माझ्याच तळघरात, पन्नाशी उलटलेली बाई, कपडे काढून प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. तिने पाठीवर पहिला मग ओतला. पाणी अजून चांगलं गरम होतं. कोणी माझ्यावर असं पाणी ओतल्याला किती वर्षं झाली असतील. तिने मानेमागे घासलं, कानांमागे घासलं, "मान खाली घाल" म्हणाली आणि डोक्यावरून ओतलं. मी रडत होते, चांगली हुंदके देऊन. तिने काय झालं असं विचारलं नाही. त्या वेळी तिच्या लेखी मी तिची मुलगी होते की गिरणीतून आलेलं कोणी, ते मला सांगता येणार नाही. मीही विचारलं नाही. बादली संपेपर्यंत ती ओतत राहिली. मग तिने टॉवेल दिला आणि चहा टाक म्हणाली.

रविवारची वाट न बघता मीच दादाला फोन लावला. तिकडे पहाट होती. केस ओलेच होते, खांद्यावर पाणी गळत होतं.

"काय ठरलं?" त्याने विचारलं. "काढू तिकीट?"

"काढ," मी म्हटलं. "पण तुझं काढ. तिचं नको. तू ये आणि इथे राहा, मला नोकरीवर परत जायचंय. पुढचं आपण दोघं मिळून बघू. एकटीला नाही जमत आता. मी फार थकलेय, दादा."

इतक्या वर्षांत हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मागे त्याच्या बायकोचा झोपाळू आवाज आला, कोण आहे म्हणून.

"व्हिसाचं पाहतो," तो म्हणाला.